हुकूमनामा हवा, वसुली नको? मग असं करा

दावा जिंकून हुकूमनामा, म्हणजे कोर्टाचा निकालाचा आदेश, घ्यायचा पण पैसे वसूल करायचे नाहीत, असा आपला विचार असेल तर वादपत्रात, म्हणजे दाव्याच्या अर्जात, प्रतिवादीचं लोकांच्या तोंडी असलेलं नाव घाला. ऐरोलीच्या नाक्यावर त्याला सगळे बंड्याशेठ म्हणतात ना? मग झालं! आधारवर तो पंढरीनाथ असेल, तर तो त्याचा खाजगी प्रश्न. 'उर्फ' चुकूनही घालू नका. त्या दोन अक्षरांनी भल्याभल्यांची वसुली झाली आहे.

समोर कंपनी असेल तर वागळे इस्टेटमधल्या गाळ्याची पाटी वाचा आणि परत या. धंदा एकट्या मालकाचा किंवा भागीदारीचा निघाला तर तुमचं दुर्दैव, कारण पाटीच्या नावावरही दावा चालतो. प्रायव्हेट लिमिटेड निघाली तर मात्र मजा आहे. कंपनी वेगळी, डायरेक्टर वेगळा. नुसत्या डायरेक्टरवर हुकूमनामा घ्या, कंपनीच्या खात्याला हात लागत नाही. नुसत्या कंपनीवर घ्या, त्याचा घोडबंदरचा फ्लॅट सुखरूप.

पुढचं काम कोर्टच करतं. वादपत्राच्या शीर्षकातलं नाव हुकूमनाम्यात उतरतं, तिथून दरखास्तीत, म्हणजे वसुलीच्या अर्जात, तिथून जप्तीच्या वॉरंटात. बेलिफ दारात उभा राहून विचारतो, "बंड्याशेठ आपणच?" आतून उत्तर येतं, "नाही हो, आम्ही पंढरीनाथ." 'सदर नावाचा इसम पत्त्यावर मिळून आला नाही' असा शेरा पडतो आणि वॉरंट नाझराकडे, म्हणजे बेलिफाच्या वरच्या कोर्ट अधिकाऱ्याकडे, परत. बँकेत खातं जप्त करायला जाल, तर तिथंही नाव जुळत नाही.

प्रतिवादी दावा लावण्याआधीच वारला असेल तर सोन्याहून पिवळं. मयतावरचा हुकूमनामा मुळातच शून्य. तो शुद्धलेखनाने जिवंत होत नाही.

एखादा आगाऊ ज्युनियर दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम १५२ काढेल: लेखनदोष केव्हाही दुरुस्त करता येतो. खरं आहे. म्हणून अर्ज मूळ दाव्यात देऊ नका, दरखास्तीतच द्या. हुकूमनाम्याच्या मागे जाता येत नाही, तो आहे तसाच राबवायचा, असं तिथं ऐकून घ्या, पुढची तारीख घ्या. कोर्ट नाक्यावर चहा बरा मिळतो. दुरुस्तीला मुदत नसली तरी पैशाच्या हुकूमनाम्याच्या दरखास्तीला १२ वर्षांची आहे, तेवढी तारखांत काढायची.

आणि अर्ज योग्य जागी गेलाच, तर त्याला आधार, पॅन, कंपनीचं नोंदणी प्रमाणपत्र, दोन्ही नावांचा माणूस एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र, यातलं काहीही जोडू नका. न्यायाधीशांना दुरुस्ती करणं सोपं जाईल.