‘उन्हाळ्यात आल्प्समधले रोपवे रोज चालूच असतात’ : फिरणाऱ्या मेसेजला मुद्देसूद उत्तर

मे महिन्याच्या सुट्टीत स्वित्झर्लंडला निघालेल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज हमखास येतो. उन्हाळ्यात सगळे रोपवे रोज चालू असतात, स्विस पासवर ते फुकट असतात, तिकिटं इथूनच काढून टाका, वर साधं विंडचीटर पुरतं आणि शेवटची केबिन चुकली तर चालत उतरता येतं, असं त्यात म्हटलेलं असतं. या पाचांतला एकही सल्ला जसाच्या तसा पाळू नका. काहींनी पैसे जातात, शेवटच्याने जीव धोक्यात येतो.

आधी पासचं बघू, कारण ते चटकन संपतं. स्विस ट्रॅव्हल पासवर (पर्यटकांचा रेल्वे-बस-बोटींचा पास, मेसेजमधला ‘स्विस पास’ तोच) रीगी, स्टान्सरहॉर्न आणि स्टोस हे डोंगर पूर्ण मोफत आहेत. टिटलिसला निम्मं भाडं पडतं. शिल्थॉर्नच्या वाटेवर म्युरेनपर्यंत पास चालतो, पुढे निम्मं. युंगफ्राउयोख या उंच खिंडीतल्या रेल्वे स्थानकाला जाताना ग्रिंडेलवाल्ड किंवा वेंगेन या गावांपर्यंत पास चालतो आणि तिथून वर फक्त 25 टक्के सूट मिळते. चौघांच्या कुटुंबाचं बजेट ‘सगळं फुकट’ धरून आखलं, तर तिकीट खिडकीपाशी घाम फुटतो. मोफत आहे म्हणून स्टान्सरहॉर्नला दुय्यम मात्र समजू नका. तिथे खाली 1893 सालची फ्युनिक्युलर आहे (आपल्या सप्तश्रृंगी गडावरच्या ट्रॉलीसारखी, रुळांवरून दोराने ओढली जाणारी) आणि वर 2012 पासून उघड्या गच्चीची दुमजली केबिन. ती चालते उन्हाळ्यातच, हिवाळ्यात बंद असते.

‘रोज चालू’ या मुद्द्यात आपल्या लोकांसाठी खास अडचण आहे. आपली शाळेची सुट्टी एप्रिलच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत. आल्प्समध्ये नेमका तोच काळ दोन हंगामांच्या मधला. स्कीइंग संपलेलं असतं, पायवाटांवर बर्फ असतो आणि अनेक लिफ्ट (म्हणजे रोपवे, चेअरलिफ्ट वगैरे) देखभालीसाठी बंद असतात. जर्मन भाषेतली पाटी दिसते ‘रेव्हिजिओन’, म्हणजे देखभाल-तपासणी. या दिवसांत केबिन दोराला धरून ठेवणाऱ्या पकडी सुट्या करून त्यांना तडे गेलेत का ते तपासतात, पोलादी दोराच्या आतल्या तुटक्या तारा चुंबकीय यंत्राने शोधतात, ताणून लांबलेला ओढदोर (केबिन ओढणारा दोर) कापून पुन्हा गुंफतात. हे काम टाळता येत नाही आणि टाळूही नये. इंटरलाकेनजवळची श्यिनिगे प्लाटे डोंगराची दातेरी रुळाची रेल्वे साधारण जूनच्या मध्याला सुरू होते, म्हणजे मे महिन्यात ती मिळणारच नाही. तेव्हा विमानाचं तिकीट काढण्याआधी प्रत्येक लिफ्टच्या संकेतस्थळावर ‘चालू कालावधी’ बघा. ‘समर’ हा शब्द वाचून थांबू नका, तारीख वाचा.

आता तिकिटं आधी काढण्याबद्दल. सगळ्यात जास्त नुकसान याच सल्ल्याने होतं. युंगफ्राउयोख हा अपवाद: तिथल्या गाडीत जागा मोजक्या असतात, गर्दीच्या महिन्यांत आरक्षण केलेलं बरं. बाकी बहुतेक डोंगरांवर तिकीट त्याच दिवशी सकाळी मिळतं आणि त्या सकाळीच घ्यावं, कारण खरा प्रश्न हवामानाचा आहे. ढगात शिरलेल्या शिखरावर पांढऱ्या भिंतीपलीकडे काही दिसत नाही. सकाळी सातला शिखरावरचा वेबकॅम उघडा. कित्येक हॉटेलांच्या टीव्हीवर एक चॅनेल तेच चित्र दाखवत असतं. कॅमेऱ्यात क्षितिज स्वच्छ दिसलं की लगेच निघा आणि पहिल्या तासातली केबिन धरा. उन्हाळ्यात दुपारकडे डोंगरावर ढग चढतात, नंतर गडगडाट होतो आणि विजा जवळ आल्या की लिफ्ट थांबवतात.

खाली लख्ख ऊन असूनही लिफ्ट बंद दिसली, तर कर्मचाऱ्यांशी वाद घालू नका. दक्षिणेकडून आल्प्स ओलांडून उत्तरेच्या खोऱ्यांत उतरणारा ‘फ्योन’ हा कोरडा, उबदार वारा आकाश निरभ्र करतो आणि त्याच वेळी शिखरांवर भयंकर झोत मारतो. एकाच दोरावर लटकणारी चेअरलिफ्ट आधी थांबते. वजन पेलणारे दोन धारक दोर आणि एक ओढदोर असलेली ग्रिंडेलवाल्डची आयगर एक्स्प्रेस ही रोपवे जास्त वारा सोसते, पण तिलाही मर्यादा आहेच. आधीच काढलेल्या तिकिटाचे पैसे अशा दिवशी परत मिळतीलच असं नाही, त्या तिकिटाच्या अटी वाचा.

कपड्यांचा हिशेब सोपा आहे. दर 1000 मीटरला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं. टिटलिसच्या पायथ्याचं एंगेलबर्ग गाव सुमारे 1000 मीटरवर, टिटलिसचं वरचं स्थानक 3020 मीटरवर. खाली 22 अंश असतील तर वर नऊच्या आसपास, वारा असला तर त्याहून बोचरं. वर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण 70 टक्के असतो, म्हणून जिना चढताना धाप लागते. मधलं ट्र्युबझे स्थानकच 1800 मीटरवर, कळसूबाईपेक्षा उंच. ज्येष्ठांना तिथे अर्धा तास बसवा, मग वर न्या. हृदयाचा किंवा फुप्फुसांचा त्रास असणाऱ्यांनी निघण्याआधी डॉक्टरांना विचारावं. गॉगल आणि सनस्क्रीन हवंच, ताजा बर्फ अतिनील किरणं 80 टक्क्यांपर्यंत परत फेकतो. चेअरलिफ्टवर बसताना सॅक पाठीवरून काढून मांडीवर घ्या, पदर, ओढणी आणि मफलर आत खोचा, बसल्याबरोबर सुरक्षेचा दांडा खाली ओढा. आजी-आजोबा असतील तर कर्मचाऱ्याला हाताने खूण करा, तो वेग कमी करतो.

राहिली शेवटची केबिन. टिटलिसच्या माथ्यावरून खाली येणारी साधी पायवाट नाही. तिथे हिमनदी आहे आणि तिच्या भेगा वरच्या बर्फाखाली झाकलेल्या असतात. ट्र्युबझेहून एंगेलबर्गला उतरता येतं, पण ती 800 मीटरची उतरण आहे, दोनेक तास गुडघ्यांवर भार येतो आणि अंधारात ती वाट धरूच नये. वाटांच्या खुणा ओळखा: पिवळी म्हणजे साधी वाट, पांढरी-लाल-पांढरी म्हणजे डोंगरवाट, पांढरी-निळी-पांढरी म्हणजे दोर आणि अनुभव असणाऱ्यांची. स्थानकावरच्या फलकावर ‘बेर्गफार्ट’ म्हणजे वर जाणारी, ‘टालफार्ट’ म्हणजे खाली येणारी. ‘लेट्स्टे टालफार्ट’ (खाली येणारी शेवटची फेरी) समोर लिहिलेली वेळ प्रत्येक टप्प्याची वेगळी असू शकते. चढतानाच प्रत्येक स्थानकावर त्या फलकाचा फोटो काढून ठेवा.