बी विंगच्या पॅसेजच्या छताबद्दल

नमस्कार मॅडम,

तुमचा एक स्टारचा अभिप्राय वाचला. साध्या प्लास्टरचं काम लांबवलं, बिल फुगवलं, पॅसेजभर जॅक (छताला आधार देणारे लोखंडी टेकू) लावून अडचण केली आणि एवढं करूनही कोपऱ्यात डाग आहेच, असं तुम्ही म्हणता. इतर सोसायट्यांचे लोकही हे वाचतात, म्हणून उत्तर इथेच देतो.

पहिली गोष्ट, ते प्लास्टरचं काम नव्हतंच. हातोडीने ठोकून पाहिलं तेव्हा पोपडा पडला होता त्याच्या बऱ्याच पलीकडेही पोकळ आवाज येत होता. फोडल्यावर सळया गंजून फुगलेल्या निघाल्या. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा घेतो आणि खालचं काँक्रीट ढकलून पाडतो. त्यावर नुसता गिलावा केला असता तर दिवाळीपर्यंत छान दिसला असता. पुढे कधी पडला असता ते सांगता येत नाही, आणि शाळेच्या बसला जाणारी मुलं त्याच पॅसेजमधून जातात. निम्म्या दराचं दुसरं कोटेशन सेक्रेटरींनी मलाही दाखवलं होतं. त्यात सळयांचा शब्दही नव्हता.

सळईच्या मागपर्यंत काँक्रीट मोकळं करायचं, वायर ब्रशने गंज काढायचा, गंजरोधक लावायचं, सळई झिजली असेल तिथे जोडीला नवी बांधायची, जुन्याला नवं चिकटावं म्हणून बॉन्डिंग कोट मारून मग पॉलिमर मॉर्टर, म्हणजे पॉलिमर मिसळलेला सिमेंटचा माल, भरायचं. तेही थराथराने. छताला एकदम जाड थर लावला की स्वतःच्याच वजनाने खाली येतो. वेळ गेला तो इथे.

जॅक न लावता स्लॅब फोडणारा कोणी भेटला तर त्याला सोसायटीच्या गेटमधूनच परत पाठवा. माणसं जाण्यापुरती वाट आम्ही ठेवली होती. दुचाकी नेता येणार नाहीत, ही सूचना बोर्डावर आधीच लागली होती. धूळ झाली हे खरं, पण ब्रेकर चालवला की ती होतेच.

बिलाचं म्हणाल तर कोटेशन चौरस फुटाच्या दराने, प्रत्यक्ष मोजमापाप्रमाणे होतं. फोडल्यावर खराब भाग वाढला. ते वाढीव माप कमिटीच्या सभासदांसमोर टेप लावून घेतलंय, त्यावर त्यांच्या सह्या आहेत.

आता डाग. त्या कोपऱ्याच्या बरोबर वर टेरेसवरचा मातीचा वाफा आहे आणि पाणी तिथून झिरपतं. जुना कोबा काढून वॉटरप्रूफिंग करायचं, मग पाणी साठवून 48 तास चाचणी घ्यायची, असं काम आम्ही वेगळं सुचवलं होतं. कमिटीने ते पुढे ढकललं. वरून पाणी येत राहिलं तर खालची दुरुस्ती कितीही चांगली असो, सळया पुन्हा गंजणारच. म्हणून हमीपत्रात तो कोपरा वगळलाय. तोवर निदान वाफ्याला पाणी घालणं थांबवा आणि टेरेसच्या पावसाळी पाइपाचं तोंड मोकळं ठेवा. याला खर्च नाही.

तरीही शंका असेल तर तुमच्या पसंतीचा स्ट्रक्चरल इंजिनिअर आणा आणि बाकीचं छत त्याच्याकडून ठोकून घ्या. पोकळ आवाज आला तर तेवढा भाग आम्ही आमच्या खर्चाने फोडून पुन्हा करू.