‘चिकित्सक चर्चा करा’ म्हणे! कुणाशी करू? भिंतीशी?

परवा पेपर आहे. नेमलेले ७ लेख, मिळून १८० पानं. दीड तासात २ निबंध लिहायचे, जवळ टिपणाचा कपटाही चालणार नाही. म्हणजे एका निबंधाला ४५ मिनिटं. त्यातली ५ प्रश्न नेमकं काय विचारतोय हे कळण्यात जाणार, ५ मुद्दे जुळवण्यात, ५ शेवटी नजर फिरवण्यात. उरली ३०. एखाद्याने वर्षानुवर्षं डोकं झिजवून मांडलेला सिद्धांत कुठे लंगडा पडतो, ते मी अर्ध्या तासात सांगायचं, तेही बोटं आखडलेली असताना. वर सूचना काय, तर ‘केवळ सारांश लिहू नये’. अहो, सारांश आठवला तरी गंगेत घोडं न्हालं!

आणि महिनाभर मी केलं काय? पानं पिवळी केली. हायलायटर संपला तरी शहाणपण आलं नाही. शेवटी तर न रंगवलेलं वाक्य शोधावं लागत होतं. काल, म्हणजे सगळं करून झाल्यावर, कळलं की २०१३ साली डनलॉस्की नावाच्या मानसशास्त्रज्ञाने आणि सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या १० पद्धती तपासल्या होत्या. त्यात ओळी रंगवणं आणि तेच ते पुन्हा वाचणं फारसं उपयोगाचं नाही असं निघालं. पुस्तक मिटून आठवून बघणं आणि अभ्यास थोडा थोडा पांगवून करणं, या दोन गोष्टी खऱ्या कामाच्या. त्याआधी २००६ साली रोडिगर आणि कार्पिक यांच्या प्रयोगातही तेच. पाच मिनिटांनी विचारलं तर पुन्हा वाचणारे पुढे, आठवड्याने विचारलं तर आठवून बघणारे पुढे. पण आत्मविश्वास कुणाला जास्त? वाचणाऱ्यांना! मीच ती.

हे वर्गात कुणी एकदा तरी सांगायचं होतं. सत्रभर एकच पालुपद : ‘लेख वाचून या.’ वाचून आलो. मग? घड्याळ लावून एक परिच्छेद तरी लिहून घेतला? नाही. मार्क मात्र त्याचेच.

काल रात्री मीच ४५ मिनिटांचा गजर लावून बसले. बाविसाव्या मिनिटाला प्रस्तावनेतच होते, आणि तिसऱ्या लेखाचा युक्तिवाद पाचव्या लेखिकेच्या नावावर खपवून मोकळी झाले होते. (तिने वाचलं असतं तर कपाळावर हात मारला असता.) गजर वाजला तेव्हा मी ‘तथापि’ लिहीत होते. तथापिच्या पुढे काय, ते अजून सुचलेलं नाही.

आता चौथा लेख पुन्हा काढलाय, या वेळी हायलायटरशिवाय. ज्याने कुणी तो स्कॅन केला त्याने पानं आडवी टाकलीयत, आणि प्रत्येक पानाची शेवटची ओळ कापलेली आहे. मान वाकडी करून वाचतेय.