विटेवर बसलेला माणूस

आजोबांची सागवानी खुर्ची वाटणीत माझ्याकडे आली, तेव्हा भावांनी ती इतक्या आनंदानं का सोडली ते मला कळलं नाही. आजोबा ५ फूट ३ इंच. मी ६ फूट ३, आणि वजनाबद्दल एवढंच सांगतो की हिवाळाभर आमच्या मळ्यात भरीत-पार्ट्या चालतात. त्या खुर्चीत बसलो की गुडघे छातीला लागत. बायको म्हणे, "बसलात की उकिडवे आहात, ते आधी ठरवा."

पायांखाली ठोकळे लावले. बैठक उंचावली, पण पाठीचा टेका होता तेवढाच, कमरेच्या जरा वर संपणारा. जरा मागे रेललो, तो खुर्चीसकट ओसरीवर आडवा.

शेवटी मिस्तरींना म्हटलं, हाच नमुना, फक्त सगळं सव्वापट करा. त्यांनी कानावरची पेन्सिलसुद्धा काढली नाही. "१८ इंचाची बैठक साडेबावीस व्हई जाई. मानूस काय फुगा शे का, चारी बाजूनी सारखा फुगाले?"

मग माप. अंगणात विटा रचल्या, वर फळी, फळीवर मी. तळपाय जमिनीवर सपाट टेकेपर्यंत कधी वीट काढायची, कधी पातळ फळी सरकवायची. तासभर हेच. गल्लीतली पोरं जमली. विठोबा निदान विटेवर उभा तरी आहे, असं शेजारचे काका सर्वांना ऐकू जाईल असं पुटपुटले. निकाल : उंची साडेवीस, खोली १९, तीही गुडघ्यामागे तीन बोटं मोकळी सोडून.

मिस्तरींचा खरा जीव अडकला होता मागच्या सांध्यात. रेलणाऱ्याचा सगळा भार तिथंच येतो म्हणे. म्हणून बैठकीखालची पट्टी दोनाची तीन इंच रुंद केली, म्हणजे सांध्यालाही तेवढी जास्त पकड. आणि लाकूड? ते उन्हाळाभर माझ्याच खाटेखाली वाळत पडलं. आमच्याकडच्या उन्हात ओलं लाकूड आकसतं, सांधे खिळखिळे होतात. मीही तेवढा आकसलो असतो तर खर्च वाचला असता.

खुर्ची झाली. झकास झाली. पहिल्याच दिवशी अमळनेरहून आत्या आल्या. गुडघ्यांमुळे त्या खाली बसत नाहीत, म्हणून दोघांनी धरून त्यांना माझ्या खुर्चीत चढवलं. पाठ टेकेना, पाय जमिनीपासून वीतभर वर. चहा झाला, शेवभाजी झाली, डुलकीही झाली. मी दाराच्या उंबऱ्यावर, उकिडवा.

दिवेलागणीला हाक आली, "भाऊ, माले खाले उतार रे!"