गोळी सोडली की प्रतिभा परत येते, हे कुणी सांगितलं?

मंगळवारी रात्री साडेनऊला आत्याचा फोन आला. एवढ्या उशिरा ती कधी फोन करत नाही. म्हणाली, "अगं, ही रात्रीची गोळी थोडे दिवस सोडून बघू का? चार दिवस झाले, वही उघडते आणि मिटते. आपल्या ग्रुपवर आलंय बघ, गोळ्यांनी प्रतिभा मरते म्हणून."

आत्या सांगलीची, वय 67. पस्तीसेक वर्षं तिच्या कथा दिवाळी अंकांतून येत होत्या. चार वर्षांपूर्वी मामा, म्हणजे तिचे यजमान, गेले आणि लिहिणं थांबलं. पुढे झोप उडाली, अन्नावरची वासना गेली. डॉक्टरांनी नैराश्याचं निदान करून औषध सुरू केलं. मागच्या दिवाळीनंतर तिनं आपणहून शंभरपानी वही आणून पुन्हा सुरुवात केली, आणि आता हा मेसेज.

'खऱ्या लेखकाची पाच लक्षणं' असा त्याचा मथळा आहे. खरा लेखक कधी अडत नाही, अडणं हे आळशाचं निमित्त. सलग 21 दिवस पहाटे लिहा, एक दिवस चुकला तर पुन्हा पहिल्यापासून. दुःख हेच लेखकाचं इंधन, मनाच्या गोळ्या घेतल्या की प्रतिभा मरते. पन्नाशीनंतर नवं सुचत नाही. आणि साभार परत आलेलं लिखाण हा नियतीचा इशारा, ते फाडून टाका. खाली हात जोडलेले आणि 'प्रत्येक लिहित्या माणसापर्यंत पोचवा'. पोचला.

तिसरा मुद्दा आधी घेते, कारण त्यानं माणसाच्या जिवाला धोका आहे.

दुःख हे इंधन म्हणणाऱ्यानं नैराश्य जवळून पाहिलेलं नाही. मी पाहिलंय. आत्या दूध तापत ठेवून समोर उभी असायची. ते उतू जाताना तिला दिसायचं, पण गॅस बंद करायला हात पुढे यायचा नाही. नोव्हेंबरात पेन्शनसाठी हयातीचा दाखला भरायला मी तिला बँकेत नेलं, तर पेन धरून ती दहा मिनिटं नुसती बसून राहिली. स्वतःची, चाळीस वर्षांची सही तिला उमटवता येईना. काउंटरवरच्या मुलीनं दोनदा विचारलं, "आजी, बरं वाटतंय ना?" त्या अवस्थेतून कथा कुठून येणार होती? औषध सुरू झाल्यावर दीडेक महिन्यानं तिनं पहिल्यांदा पेपरातलं शब्दकोडं अर्धं सोडवलं. वही त्याच्या कितीतरी नंतरची.

हा एका घरातला अनुभव झाला. पण याच प्रश्नावर अभ्यासही झालेला आहे. लिथियमच्या उपचारावर आयुष्यभर काम केलेले डॅनिश मनोविकारतज्ज्ञ मोगेन्स शाऊ यांनी हे औषध घेणाऱ्या 24 कलावंतांना त्यांच्या निर्मितीबद्दल विचारलं. तो लेख 1979 साली ब्रिटिश जर्नल ऑफ सायकियाट्रीत आला. 12 जणांनी सांगितलं की औषधामुळे काम वाढलं, 6 जणांना फरक जाणवला नाही, 6 जणांचं काम कमी झालं. हे सगळे उन्माद आणि नैराश्य आलटूनपालटून येणाऱ्या आजाराचे रुग्ण होते. आत्याचा आजार वेगळा, गोळीही वेगळी, हे मला कळतं. माणसंही फक्त 24. तरी 'गोळी म्हणजे प्रतिभेचा मृत्यू' हे विधान तेवढ्यानंही उभं राहत नाही.

आता एक गोष्ट कबूल करायलाच हवी. त्या 24 मध्ये 6 जणांचं काम घटलं होतं. नैराश्याच्या काही औषधांनी काहींना भावना बोथट झाल्यासारख्या वाटतात, रडू येत नाही तसं हसूही येत नाही. ही तक्रार खरी आहे आणि ती डॉक्टरांसमोर मांडायची असते. मात्रा कमी करता येते, औषध बदलता येतं. आपल्या मनानं एकदम बंद केलं तर चक्कर, चिडचिड, डोक्यात करंट बसल्यासारखे झटके असं काहीही होऊ शकतं, आणि आजार उलटू शकतो. मेसेज लिहिणाऱ्याला यातलं काही ठाऊक नसेल, तर त्यानं गोळ्यांबद्दल अक्षरही लिहायला नको होतं.

21 दिवसांचं खूळ कुठून आलं तेही सांगते. मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या अमेरिकन प्लास्टिक सर्जननं 1960 सालच्या पुस्तकात लिहिलं होतं की बदललेल्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना कमीत कमी 21 दिवस लागतात. त्यातलं 'कमीत कमी' गळलं आणि चेहऱ्याच्या जागी जगातली प्रत्येक सवय आली. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी 96 जणांना 12 आठवडे प्रत्यक्ष तपासलं. सवय अंगवळणी पडायला साधारण 66 दिवस, कुणाला 18, तर कुणाला 254 लागतील असा हिशेब निघाला. आणि आत्यासाठी मोलाचं म्हणजे, एखादा दिवस चुकल्यानं सवयीवर म्हणण्यासारखा परिणाम झाला नाही. सवयी फळं खाण्याच्या, पळण्याच्या होत्या, कथालेखनाच्या नव्हत्या. पण चार दिवस वही कोरी राहिली म्हणून पहिल्यापासून सुरुवात, ही शिक्षा कशासाठी? ठरलेल्या वेळी बसल्यानं मदत होते एवढं मी मान्य करते. आत्याही चारचा चहा झाला की बसते. पहाटे नाही, कारण रात्रीच्या गोळीनं तिला सातशिवाय जाग येत नाही.

अडणं हे आळशाचं निमित्त, असं म्हणणाऱ्यानं दुर्गा भागवतांकडे पाहावं. आदिवासी भागात हिंडताना त्यांना विषबाधा झाली आणि सहा वर्षं त्या अंथरुणाला खिळल्या. पीएच.डी. राहिली ती राहिलीच. 'ऋतुचक्र' त्यानंतरचं, 1956 सालचं. दुर्गाबाईंना आळशी म्हणायची कुणाची छाती आहे?

पन्नाशीचा मुद्दा तर मराठी माणसानं लिहावाच कसा? लक्ष्मीबाई टिळकांचा जन्म 1868 चा, आणि 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग आला 1934 साली. रेव्हरंड टिळक 1919 मध्ये गेले तेव्हा 'ख्रिस्तायन' अपुरं होतं, तेही लक्ष्मीबाईंनीच पुरं केलं, तेव्हा त्या पन्नाशी ओलांडलेल्या होत्या. शाळेत धडा होता आपल्याला.

साभार परतबद्दल एवढंच, की आत्याची एक कथा दोन ठिकाणांहून परत आली होती. तिनं शेवट बदलला, तिसऱ्यानं छापली. फाडली असती तर काय छापलं असतं?

त्या रात्री फोन चालू ठेवूनच मी तिला गोळी घ्यायला लावली. पाण्याचा घोट ऐकू आला तेव्हा माझा जीव खाली पडला. गुरुवारी तिला डॉक्टरांकडे नेलं. सुचत नाही ही तक्रार तिनं स्वतः सांगितली, त्यांनी गोळीची वेळ तासभर अलीकडे घेतली आणि तीन आठवड्यांनी बोलावलं. वहीत आज अकरा पानं आहेत, त्यातली दोन खोडलेली.

दादा, तो मेसेज आपल्या ग्रुपवर तू टाकलास. वाईट हेतूनं नाही, हे मला माहीत आहे. नुसता डिलीट करू नकोस, आत्यानं तो वाचलेला आहे. गोळ्यांचा मुद्दा चुकीचा आहे असं त्याच ग्रुपवर, तुझ्या नावानं लिही. आणि तुला ज्यांच्याकडून आला, त्यांनाही कळव.