शेड उघडं असलं तरी धूळ राहते

नमस्कार. ब्रॉयलर कोंबड्यांच्या शेडमधल्या धुळीवरच्या माझ्या लेखाला तुम्ही दोन हरकती घेतल्या आहेत. आपली शेड दोन्ही बाजूंनी जाळीची, वारा खेळता, मग धूळ राहील कशी? आणि खाली अंथरलेल्या तुसावर पाणी फवारलं तर अमोनिया आणि कॉक्सी (कोंबड्यांच्या आतड्याचा आजार) मागे लागेल.

दुसरी हरकत निम्मी बरोबर आहे. मी नुसतं 'हलकी फवारणी' लिहिलं, कधी करायची ते सांगितलं नाही. लिटरचा, म्हणजे या तुसाच्या थराचा, ओलावा 20 ते 30 टक्के हवा. खाली गेला की धूळ, वर गेला की तुसाच्या ढेपा आणि अमोनिया. मूठभर तूस घट्ट दाबून मूठ उघडा. लाडू तसाच राहिला तर ओलं. जरा धरून लगेच सुटलं तर ठीक. धरलंच नाही तर कोरडं, आणि फक्त तेव्हाच पाठीवरच्या पंपाने, बारीक नोझलने फवारा. पाणी प्यायच्या निपलखालचा पट्टा वगळा, तो आधीच ओला असतो. पावसाळ्यात तर पंप बाहेर काढूच नका.

पहिल्या हरकतीशी मात्र मी सहमत नाही. थंडीत ब्रूडिंगच्या, म्हणजे पिल्लांना ऊब देण्याच्या, दिवसांत रात्रभर पडदे बंद असतात, तेव्हा कुठला वारा? पडदा खालून पक्का बांधा, वरून उघडा आणि वर फूटभर फट ठेवा. कोंदट हवा तिथूनच जाते. शिवाय डोळ्यांना दिसते ती जाड धूळ नाकातच अडकते. फुफ्फुसात खोल उतरते ती साधारण 5 मायक्रॉनखालची. ती दिसत नाही आणि लवकर खालीही बसत नाही.

मोजायची खरी रीत फिल्टरची. कामगाराच्या कमरेला पंप, कॉलरला फिल्टर, मिनिटाला 2 लिटर हवा. 8 तासांत 960 लिटर, म्हणजे 0.96 घनमीटर. फिल्टरचं वजन 2.3 मिलिग्रॅम वाढलं, तर एकूण धूळ घनमीटरला 2.4 मिलिग्रॅम झाली. श्वसनाच्या तक्रारी अभ्यासून संशोधकांनी अशा शेडसाठी सुचवलेली मर्यादा एवढीच आहे. स्वस्त लेझर मीटर फॉगर (पाण्याचे बारीक तुषार उडवणारं यंत्र) चालू असताना लावू नका, तो पाण्याचे थेंबही धूळ म्हणून मोजतो.

दाताळ्याने तूस हलवताना धूळ एकदम उसळते. त्या वेळी पडदे पूर्ण खाली, म्हणजे उघडे हवेत आणि हलवणाऱ्याच्या तोंडाला एन-95 हवा. रुमालातून बारीक धूळ सहज आरपार जाते, आणि रोज तेच काम करणाऱ्या माणसाला ती रोज आत घ्यावी लागते. मॅश (भरडलेलं) खाद्य ओततानाही पोत्याचं तोंड भांड्याला टेकवूनच ओता.