सगळे ज्वालामुखीकडे पाठ करून उभे होते

बालीतल्या बाटूर ज्वालामुखीचे फोटो टाकल्यापासून इनबॉक्समध्ये एकच प्रश्न येतोय. "आम्हीही बालीला चाललोय. तो सनराइज ट्रेक करावा का? सेफ आहे ना?" प्रत्येकाला वेगळं सांगत बसण्यापेक्षा इथेच लिहिते.

करा. पण "सेफ आहे ना" याला मी हो म्हणणार नाही. दुसरं कुणी छातीठोकपणे हो म्हणालं, तर त्याचंही मनावर घेऊ नका.

चढाईचं फार कौतुक नको. रात्री दोनला गाडी येते, चारच्या सुमारास पायथा. शिखर 1717 मीटरवर असलं तरी चालून चढायचे सातशेच्या आसपासच, दोन तासांचं काम. आधी झाडी, मग घसारा. काळ्या राखेत आणि खड्यांत पाऊल रोवलं की अर्धं परत खाली येतं. डोळ्यांसमोर पुढच्याची टाच आणि हेडलॅम्पचा गोल, बाकी काळोख. आपण कशावर चढतोय ते दिसतच नाही, आणि माझी खरी तक्रार हीच आहे.

वर पोचलो तेव्हा जत्रा भरली होती. सगळे पूर्वेकडे तोंड करून, फोन उंचावून. खाली सरोवर, पलीकडे अबांग डोंगर, त्याच्यामागे अगुंग, आणि समुद्रापार लोम्बोक बेटावरच्या रिंजानी डोंगराची पुसट रेघ. सूर्य उगवला, सुंदर उगवला. ते फोटो तुम्ही पाहिलेच आहेत.

तेवढ्यात माझा हातमोजा वाऱ्याने मागे उडाला. तो उचलायला वळले तर पाठीमागे विवर. त्याच्या कडेच्या फटींतून वाफ निघत होती, अगदी शांतपणे. तिथे इतकी माणसं होती आणि झाडून सगळी ज्वालामुखीकडे पाठ करून उभी! आमच्या गाइडदादांनी अशाच एका फटीत अंडी आणि केळी उकडायला ठेवली होती. मी तिथे हात धरून पाहिला आणि लगेच मागे घेतला. "डोंगराची चूल," ते हसून म्हणाले. लोकांनी अंड्यांचे व्हिडिओ काढले. पण चुलीत जाळ कुठून येतो, हे कुणी विचारलं नाही.

उतरताना दादांनी जुनी गोष्ट सांगितली. बाटूर नावाचं गाव पूर्वी खाली, डोंगराच्या पायथ्याशीच होतं. 1917 साली लाव्हा आला आणि देवळाच्या दाराशी येऊन थांबला. लोकांना तो शुभशकुन वाटला, ते तिथेच राहिले. 1926 साली तो पुन्हा आला. या वेळी थांबला नाही, गाव गाडलं गेलं. आजचं बाटूर आणि त्याचं मोठं देऊळ वर, काल्डेराच्या (जुन्या महास्फोटांनंतर जमीन खचून झालेल्या मोठ्या खळग्याच्या) काठावर आहे. मला या गोष्टीतली 1917 ते 1926 ही नऊ वर्षं सारखी आठवतात. आपणही त्याच नऊ वर्षांत वावरतो. बाटूरचा शेवटचा उद्रेक 2000 सालचा, म्हणून आता काही नाही होत!

आता थोडं अप्रिय. सुमात्रामधला मारापी (जावामधला मेरापी वेगळा, नावांत गल्लत होते) 3 डिसेंबर 2023 ला फुटला, तेव्हा डोंगरावर पंचाहत्तर ट्रेकर होते. 24 गेले. तिथे इशारा चारपैकी दुसऱ्या पातळीचा होता आणि विवरापासून तीन किलोमीटर दूर राहा अशी सूचनाही होती. तरी लोक वर होते.

तुम्ही म्हणाल, त्यांनी सूचना पाळायला हवी होती. बरं, मग जपानचा ओन्ताके घ्या. 27 सप्टेंबर 2014, शनिवार, स्वच्छ हवा, दुपारचे बारा वाजायला आलेले, माथ्यावर लोक डबे उघडून बसलेले. इशारा सर्वात खालच्या, पहिल्या पातळीचा. 58 मृत्यू, 5 जण आजही बेपत्ता. तिथे लाव्हा वर आलाच नव्हता. खाली मुरलेल्या पाण्याची एकदम वाफ झाली. वाफेला पाण्याच्या हजारपटीहून जास्त जागा लागते, ती तिने डोंगर फोडून मिळवली. अशा स्फोटाआधी यंत्रांवर फारशी खूण उमटेलच असं नाही.

इंडोनेशियात पातळ्या चार: नॉर्मल, वास्पादा, सियागा, आवास. सरकारी ज्वालामुखी विभाग त्या जाहीर करतो, फोनवर दोन मिनिटांत कळतं. मी कधी पाहिली? कबूल करते, परत आल्यावर हॉटेलच्या पलंगावर लोळताना. बाटूर: नॉर्मल. जीव भांड्यात पडला आणि लगेच ओन्ताके आठवला.

तेव्हा निघायच्या आदल्या रात्री पातळी स्वतः बघा. वाढलेली असेल तर पैसे बुडू द्या. गाइड सक्तीचा का म्हणून वाद घालणारे बरेच भेटले, मला तो वाद पटत नाही. कुठली फट गरम आहे आणि कुठली कड ठिसूळ, हे अंधारात तुम्हाला कोण सांगणार? आणि सूर्य वर आला की लगेच उतरू नका, एकदा मागे वळून बघा.

मी बाटूर खऱ्या अर्थाने पाहिला तो तिसऱ्या दिवशी, दुपारी अकराला, काल्डेराच्या काठावरून. दहा बाय तेरा किलोमीटरची ती अख्खी परात. सुमारे 29 हजार आणि 20 हजार वर्षांपूर्वीच्या दोन महास्फोटांनंतर जमीन खचून झालेली. मधोमध आपला तो छोटासा डोंगर, त्याच्या अंगावरून उतरलेले 1963, 1968, 1974 चे काळे लोट. सरोवराकाठी कांद्याचे वाफे, पाणी देणारी माणसं. ट्रेकच्या दिवशी या वेळेला आमचं अख्खं टोळकं हॉटेलात झोपलेलं होतं. मीसुद्धा.